माडीची जमीन

इंग्रजीतील ‘फ्लोअर’ हा शब्द पायाखालच्या पृष्ठभागालाही लागतो आणि घराच्या मजल्यालाही लागतो. आपल्या भाषेने हे दोन अर्थ निराळे राखले. वरच्या मजल्यास ती माडी म्हणते, आणि पायाखाली जे काही असेल त्यास जमीन. मग ते पायाखालचे दगडाचे असो, फरशीचे असो, की दहा फूट उंचीवर अधांतरी ठोकलेल्या फळ्यांचे असो, ती जमीनच. ‘माडीची जमीन सारवून झाली का?’ हे वाक्य बालपणी आठवड्यातून एकदा तरी आमच्या कानांवर पडत असे, आणि त्यात काही विसंगती आहे अशी शंका आम्हांस कधी आली नाही. पुढे महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्याचा व्यवसाय पत्करल्यावर मात्र ती विसंगती आम्हांस दिसू लागली, आणि जमीन उचलून माडीवर नेणारी भाषा म्हणून एकदा वर्गात आम्ही मराठीची थट्टाही केली. विद्यार्थी हसले, आम्हीही हसलो. गेल्या वर्षी आमच्याच माडीची जमीन उकलण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या थट्टेचे उत्तर आम्हांस मिळाले. ते उत्तर वाचकांस सादर करण्यासाठीच हा प्रपंच.

आमचे घर चिंचवडगावात, पवनेकाठच्या मोरया गोसावींच्या समाधिमंदिराकडे जाणाऱ्या जुन्या वस्तीत आहे. माजघराच्या तुळईवर शके १८१४ असा आकडा कोरलेला आहे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९७ च्या जून महिन्यात, ह्याच गावच्या चापेकर बंधूंनी पुण्यात रँडसाहेबावर प्राणघातक गोळी झाडली. तेव्हा आमच्या घराच्या लाकडाचा वास अजून गेलेला नसेल. त्या काळी चिंचवड हे एक लहानसे तीर्थक्षेत्र होते. आज ह्या पंचक्रोशीस कोणी गाव म्हणणार नाही. १९५४ साली पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्याच्या मागोमाग यंत्रांचे व मोटारींचे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. पलीकडे चाकणास, जेथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाच्या फौजेस सुमारे दोन महिने झुंजवले, तेथे आता मोटारी जुळवणाऱ्या कारखान्यांच्या रांगा लागल्या आहेत. ह्या लोखंडाच्या मुलुखात आमचे लाकडी घर म्हणजे पोलादी भांड्यांच्या दुकानात राहून गेलेली एखादी काठवट होय.

जुन्या घरांची रचना ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर हातभर अंतराने बसवलेल्या कड्या, आणि कड्यांवर जोडून ठोकलेल्या फळ्या. ह्यास कडीपाट म्हणतात. भिंती असतात, परंतु घराचा मुख्य भार ह्या लाकडी सांगाड्यावर. म्हणूनच जुनी माणसे खोलीचे माप फुटांत न सांगता खणांत सांगत. आमच्या माडीवर दोन खोल्या आहेत. मागची खोली पणजोबांच्या वेळची. रस्त्याच्या बाजूची दिवाणखान्यासारखी खोली आजोबांनी पुढे केव्हातरी, बहुधा गेल्या शतकाच्या विशीत, वाढवली. मागच्या खोलीत आम्ही पाहिली ती सिमेंटची ठिपकेदार फरशी, आणि पुढच्या खोलीत गडद तपकिरी लिनोलियम. त्याच्या खाली काय आहे ह्याचा विचार करण्याचे कारण पन्नास वर्षे कोणास पडले नव्हते.

कारण पडले ते माजघराच्या दारामुळे. ते दार आधी पावसाळ्यात अडू लागले, मग हिवाळ्यातही अडू लागले. वरच्या फरशीस एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चीर गेली. आमचा धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याने खालून दोरी ताणून पाहिली आणि मधली तुळई दीड इंच वाकल्याचे सांगितले. योगायोगाने त्याच महिन्यात एक गृहस्थ वाडा पाडून तेथे सहा मजली इमारत उभी करण्याचा प्रस्ताव घेऊन आले. दोघां भावांस प्रत्येकी एक प्रशस्त सदनिका, शिवाय वर काही रोख. बंधूंचे मत स्पष्ट होते. “दादा, तुळई वाकली हे निमित्त समज. घर स्वतःच सांगतंय की आता पुरे.” आमचे मत तितके स्पष्ट नव्हते; परंतु जे मत धाकट्या भावाने आधी मांडले त्याच्या विरुद्ध मत धारण करणे हा थोरल्या भावाचा जन्मसिद्ध हक्क आहे. आम्ही सांगून टाकले की घर पाडायचे नाही. उलट त्याचे मूळ रूप त्यास परत द्यायचे. ती दरिद्री फरशी आणि ते लिनोलियम काढून खालची सागवानी जमीन पुन्हा उजेडात आणायची.

ह्या घोषणेत घराविषयीचे प्रेम किती आणि आमच्या वाचनाचा परिणाम किती, हे सांगणे कठीण आहे. इंग्रजी कादंबऱ्यांतून जन्मभर ज्या घरांत आम्ही वावरलो त्यांच्या जमिनी लाकडाच्या होत्या. तेथे पात्रे चालतात तेव्हा फळ्या कुरकुरतात, खिडकीतून आलेले ऊन फळ्यांवर पडते, मोलकरीण मेण लावून त्या चमकवते. असे एखादे ऊन आमच्याही माडीवर पडावे, त्यात आरामखुर्ची टाकून आम्ही निवृत्तीनंतरची वर्षे काढावी, असे चित्र आम्ही मनात रंगवले होते. सौ.ने एवढेच विचारले की मेण लावणारी मोलकरीण कोठून आणायची. त्या प्रश्नाकडे आम्ही दुर्लक्ष केले.

आईचे बोलणे मात्र दुर्लक्षिण्यासारखे नव्हते. तिचे वय ब्याऐंशी. फरशी काढण्याचा बेत ऐकून ती म्हणाली, “तुला लाकूड दिसतंय. मला शेणाची बादली दिसते.” आणि मग तिने जे सांगितले ते आम्हांस ठाऊक नव्हते. फरशी १९७९ साली बसली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो, आणि ती वडिलांच्या दिवाळीच्या बोनसातून झाली एवढीच आमची माहिती. “बोनस कुठला पुरतोय! माझ्या दोन पाटल्या गेल्या त्यात,” आई म्हणाली. लग्न होऊन ह्या घरी आल्यापासून पंधरा वर्षे, दर आठवड्यास, अंगणातून शेणकाल्याची बादली त्या उभ्या जिन्याने वर न्यायची, ओणवे होऊन सबंध खोली सारवायची. पावसाळ्यात ती चार-चार दिवस वाळत नसे, आणि पिसवा होत त्या वेगळ्याच. हिशेब केला तर साडेसातशेहून अधिक वेळा तिने ती खोली सारवली. ज्या फरशीस आम्ही दरिद्री म्हटले ती तिच्या दृष्टीने सुटकेची सनद होती, आणि त्या सनदेची किंमत तिने हातांतल्या सोन्याने मोजली होती. आम्ही निरुत्तर झालो.

तेव्हा आरंभ पुढच्या खोलीपासून करावा असे ठरले. लिनोलियमच्या बाजूने बोलणारे घरात कोणी नव्हते. गावातल्या एका वृद्ध सुताराची गाठ घातली. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना सारा गाव मेस्त्री म्हणतो, तसेच आम्हीही म्हणू. मेस्त्रींनी लिनोलियमची एक कड उचलली, खालच्या फळीवर नखाने ओरखडा काढला, बोट नाकाशी नेले आणि म्हणाले, “बर्मा हाय.” एका फळीच्या कडेस खाच आणि दुसरीच्या कडेस तीत नेमकी बसणारी जीभ, अशा त्या यंत्राने कापलेल्या, एका रुंदीच्या फळ्या होत्या. आजोबांनी ही खोली खुर्च्या-टेबले मांडण्यासाठी बांधली. तिची जमीन खरोखरच लाकडाची होती. आमचा विजय झाला असे आम्हांस वाटले.

ब्रह्मदेशच्या सागाची एक हकीकत येथे आठवते. ह्या लाकडाचा व्यापार करणाऱ्या मुंबईच्या एका इंग्रज कंपनीस थिबा राजाच्या दरबाराने मोठा दंड केला, आणि त्याच तंट्याचे निमित्त करून १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले. राजास आणून ठेवले ते आपल्या रत्नागिरीस, आणि तेथेच १९१६ साली त्याचा अंत झाला. त्याच्या अरण्यांतला साग मुंबई बंदरातून घाट चढून आमच्यासारख्यांच्या माड्यांवर आला. राज्य गेलेला राजा कोकणात आणि त्याचे लाकूड देशावर, असा तो प्रवास. आजोबांनी फळ्या विकत घेताना हा इतिहास मनात आणला असेल असे वाटत नाही. आम्ही तरी सिमेंट विकत घेताना कोठे काय मनात आणतो?

लिनोलियम काढणे सोपे होते. त्याच्या कडांचे खिळे आणि खालचा काळा चिकटा काढणे सोपे नव्हते. मेस्त्री पटाशीने तो हळूहळू खरवडीत. त्यांचा वेग पाहून आमचा धीर सुटला, आणि एका रविवारी, ते नसताना, आम्ही भाड्याने घासण्याचे विजेचे यंत्र आणले. यंत्र उत्तम होते, दोष चालवणाराचा. असे यंत्र चालते ठेवावे लागते, एके जागी क्षणभर थांबले की ते लाकूड खाते, हे आम्हांस तासाभरात कळले. तोवर खिडकीपाशी बशीएवढा खळगा पडला होता. सोमवारी मेस्त्रींनी तो पाहिला, हाताने चाचपला. आम्ही ती फळी बदलण्याची गोष्ट काढली. ते म्हणाले, “राहू द्या, सर. आजोबांची जमीन, तेवढा तुमचा शिक्का.” त्यानंतर सारी खोली हाताने झाली. खिळ्यांची डोकी आत ठोकून मग रंधा, रंध्यानंतर काचकागद, आधी जाड मग बारीक, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. भेगांत सागाचाच बारीक भुसा सरसात कालवून भरला. शेवटी चकचकीत रोगण न लावता जवसाचे तेल, थोडे टर्पेंटाइन घालून, पातळ हाताने लावावयाचे, मुरले नाही तेवढे पुसून घ्यावयाचे, आणि दोन दिवस थांबून पुन्हा. तेल पुसलेल्या चिंध्या मेस्त्री पाण्याच्या बादलीत टाकीत. अशा चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर आपल्या आप तापून पेट घेतो. आम्ही पदवीधर, पण हे आम्हांस त्यांच्याकडून कळले. गमत अशी की जे लिनोलियम आम्ही तुच्छतेने फेकले तेही ह्याच जवसाच्या तेलाचे. १८६० नंतरच्या वर्षांत वॉल्टन नावाच्या इंग्रजाने तेल घट्ट करून ते बनवले, आणि त्याच्या नावातच जवस व तेल हे दोन लॅटिन शब्द आहेत. तेलाने झाकलेली जमीन आम्ही उघडली आणि तिला पुन्हा तेलच लावले.

पुढची खोली झाली तेव्हा खरोखरच तिच्यावर ऊन पडले, आणि ते आमच्या कल्पनेतल्या उन्हाहून वाईट नव्हते. आमचा उत्साह वाढला. मागच्या खोलीविषयी आईची समजूत घालण्याचे काम मात्र आम्ही केले नाही. ते धाकट्या भावाने केले, आणि तेही अभियंत्याच्या रीतीने. तो आईजवळ बसला आणि कागदावर आकडे मांडून दाखवू लागला. खोली बारा फूट बाय दहा. फरशी आणि तिच्याखालचा गिलावा मिळून दीड टन. त्याखाली मातीचा थर असणार. तो चार इंच धरला तर आणखी दोन टन. “आई, तू निजतेस तिथं डोक्यावर एक हत्ती उभा आहे, आणि ज्या तुळईवर उभा आहे ती सव्वाशे वर्षांची आहे.” आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “घर पडण्यापेक्षा फरशी गेलेली बरी. पण आठ-दहा फरश्या न फोडता काढा.” घर पाडायचे म्हणणारा भाऊ घर पडू नये म्हणून हिशेब मांडीत होता, हे त्याच्या लक्षात आले नाही, आमच्या आले, परंतु आम्ही बोललो नाही.

फरशी निघू लागली. १९७९ सालच्या गवंड्याने गिलाव्याखाली कोरडी वाळू पसरली होती, त्यामुळे थर सुटे निघत होते. वाळू झाडूने लोटता लोटता मेस्त्री एकाएकी थांबले आणि त्यांनी आम्हांस हाक मारली. खाली शेणाने सारवलेली जमीन जशीच्या तशी होती. वाळलेली, फिकट, जागोजाग तडकलेली. पण तिच्यावर हाताच्या बोटांचे अर्धवर्तुळाकार फराटे एकावर एक, भिंतीपासून दारापर्यंत, स्पष्ट उमटलेले. पंचेचाळीस वर्षे ते फराटे अंधारात पडून होते. आम्ही तेथेच बसलो. वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या माणसास अशा वेळी जे जे सुचावे ते सारे आम्हांस सुचले. आईस वर आणावे असे वाटले. भावाने तिला हात धरून जिना चढवला. कित्येक वर्षांत ती माडीवर आली नव्हती. ती दारात उभी राहिली, वाकून पाहिले, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, “घाईत सारवलंय. दुसऱ्या दिवशी गवंडी यायचा होता, मग कोण नीट सारवतंय!” एवढे बोलून ती खाली गेली. आमची सारी वाङ्मयीन भावना एका वाक्यात जमिनीवर आली. परंतु जिना उतरताना ती आपल्या उजव्या हाताची बोटे उघडून पाहात होती, असे भावाने मागाहून सांगितले.

मातीच्या थरात काय काय निघाले! काचेच्या बांगड्यांचे तुकडे, दोन सागरगोटे, एक कवडी, आणि महायुद्धाच्या काळी निघत असे तो भोकाचा तांब्याचा पैसा. घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे थरावर थर चढवले, आणि जे जे हरवले ते त्या थरांनी पोटात घेतले. माती उपसून झाली, आणि शेवटी ती ‘मूळ सागवानी जमीन’ दिसली. आमची निराशा झाली. फळ्या ओबडधोबड होत्या. त्यांची रुंदी एकसारखी नव्हती, वर वाकसाचे घाव तसेच होते, मध्ये बोट शिरेल अशा फटी, आणि त्यांत गवताच्या काड्या कोंबलेल्या. आम्ही मेस्त्रींस म्हणालो की ह्यांवर रंधा मारून त्या पुढच्या खोलीसारख्या करता येतील काय. त्यांनी एक सुटी फळी उचलून उलटी केली. खालचे अंग आरशासारखे गुळगुळीत, कडेला गोलाई घेतलेली, काळसर तकाकी आलेले. “हे बघा, सर. रंधा खालनं मारलाय. ज्यानं ठोकली त्याला ठावं होतं, वरनं माती यायची. हिचं तोंड खाली हाय. तुम्ही पाठीवर पॉलिश करा म्हणताय.”

म्हणजे ही लाकडाची जमीन कधीच नव्हती. ते खालच्या खोलीचे छत होते, आणि त्याच्यावर माती पसरून, चोपून, सारवून पणजोबांच्या काळच्या माणसांनी माडीवर खरोखरीची जमीन तयार केली होती. वर्गात आम्ही ज्या भाषेची थट्टा केली ती शब्दशः खरे बोलत होती. जमीन उचलून माडीवर नेली होती, तीही टोपल्याटोपल्यांनी. आणि हे अज्ञानाने केले नव्हते. मातीच्या थराने वरच्या पावलांचा आवाज खाली येत नाही, फटींतून धूळ गळत नाही, उन्हाळ्यात खोली निवते. आणि लाकडी घरास ज्याचे नित्य भय, त्या आगीस ती काही काळ तरी अडवते. १८२८ साली शनिवारवाडा जळाला, १८७९ साली विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला. सागाच्या वैभवाला हा शाप असतोच.

रस्किनने १८४९ साली वास्तुकलेवरच्या आपल्या ग्रंथात जुन्या इमारतींचे ‘मूळ रूप’ परत आणण्याच्या खटपटीस इमारतीचा सर्वांत वाईट नाश म्हटले आहे; आणि त्याच विचाराने विल्यम मॉरिसने १८७७ साली एक मंडळ स्थापून असा आग्रह धरला की जुन्या घराची नित्य डागडुजी करावी, त्यास बनावट तारुण्य देऊ नये. हे आम्ही कित्येक वर्षे शिकवीत आलो आहो. परंतु शिकवलेले आणि कळलेले ह्यांत अंतर असते. आम्हांस जे मूळ म्हणून हवे होते ते ह्या खोलीत कधी नव्हतेच. ते इंग्रजी कादंबरीतले होते. येथले मूळ शोधायचे तर शेणाची बादली पुन्हा जिन्यावरून न्यावी लागेल, आणि ती नेणार कोण? आम्ही खचित नाही. ज्या मूळ रूपाचे गोडवे पुरुषाने गावे आणि ज्याचे ओझे बाईने वाहावे, त्याविषयी बोलताना तरी आवाज जरा खाली आणावा, एवढे आम्ही त्या दिवशी शिकलो.

तुळईचे काम भावाने अंगावर घेतले. लोखंडी टेकू आणि दोन जॅक त्याने आणले, आणि रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर तो तुळई एक सूत वर उचले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूड सव्वाशे वर्षांत जे वाकले ते एका दिवसात सरळ करू गेले तर ते मोडते, असे तो म्हणे. आणि मेस्त्री त्यास मान डोलवीत. यंत्रांच्या गावात वाढलेला हा मनुष्य जॅकचा दांडा फिरवताना तुळईस कान लावून ऐके. बारा सुतांपैकी सात सूत ती वर आली. आठव्या दिवशी भिंतीच्या गिलाव्यास बारीक चीर दिसताच त्याने हात थांबवला. “दादा, उरलेलं वाकणं तिचं वय आहे. तेवढं राहू दे.” तुळईच्या दोन्ही अंगांस लोखंडी पट्ट्या बसवून त्याने तिला कायमचा आधार दिला. माजघराचे दार आता लागते. इमारत बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थांस नकार कळवण्याचे पत्र भावानेच लिहिले. ते त्याने का लिहिले हे आम्ही विचारले नाही, आणि त्याने सांगितले नाही.

आता वर काय घालायचे हा प्रश्न राहिला. नवा साग घेण्याची ऐपत नव्हती. ह्यावर उपाय मेस्त्रींच्या मुलाने काढला. तो चाकणास यंत्रे भरून पाठवण्याच्या लाकडी पेट्या बनवतो. बापाने जन्मभर सागावर रंधा चालवला. मुलाने तो क्वचितच चालवला असेल, कारण पेट्यांच्या लाकडास रंधा लागत नाही. परदेशांतून यंत्रे पाइनच्या पेट्यांत येतात, आणि पेट्या मोडल्या की ते लाकूड भंगारात जाते. एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून हे लाकूड आधी तापवावे लागते. त्याचा गाभा छपन्न अंश उष्णतेवर अर्धा तास राहिला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि तसे केल्याचा शिक्का त्यावर मारलेला असतो. असल्या निवडक फळ्या मुलाने आणल्या. बाप प्रथम नाक मुरडून म्हणाला, “हे काय लाकूड हाय व्हय?” पण तीन दिवसांनी बापलेक दोघे शेजारी ओणवे होऊन त्या फळ्या बसवीत होते, आणि बाप मुलास रंधा धरायला शिकवीत होता. जुन्या फळ्या आपले तोंड खाली करून होत्या तशाच राहिल्या. त्यांना आम्ही हात लावला नाही. वरची पाइनची जमीन सव्वा क्विंटलाहून जड नाही. साडेतीन टनांचा हत्ती खाली उतरला. मेस्त्रींच्या मुलाने एक फळी शिक्क्यासकट, शिक्का वर करून, कोपऱ्यात बसवली आहे. पुढेमागे कोणी ही जमीन उकलली तर हे घर कोणत्या मुलुखात आणि कोणत्या काळात दुरुस्त झाले हे त्यास कळेल. आईच्या फरश्यांपैकी नऊ शाबूत निघाल्या; त्या खाली देवघरापुढे बसवल्या आहेत. ती त्यांवर पाट मांडून जप करते.

सारे उत्तमच झाले असे म्हणता येणार नाही. मातीबरोबर शांतताही गेली. वर चमचा पडला तरी खाली ऐकू येतो. क्योतो शहरातल्या निजो किल्ल्यात अशा लाकडी जमिनी आहेत की त्यांवर पाऊल पडताच त्या पाखरासारख्या बोलतात, आणि जपानी लोक त्यांना बुलबुलाची जमीन म्हणतात, असे आम्ही वाचले होते. आमची जमीन बुलबुलासारखी बोलते असे नव्हे. साळुंक्या भांडाव्या तशी बोलते. मागची खोली आता आमची अभ्यासिका आहे, आणि रात्री लिहिताना अडले की येरझाऱ्या घालण्याची आम्हांस जुनी सवय. खाली आई निजते. परवा रात्री असेच हिंडत असता खालून तिचा आवाज आला, “अरे, किती वाजले? झोप आता.” लहानपणी ह्याच खोलीत आम्ही चोरून कंदील लावून वाचीत बसत असू, आणि चार इंच मातीमुळे तिला त्याचा पत्ता लागत नसे. आता तो आडपडदा राहिला नाही. आम्ही दिवा मालवला आणि, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, पाय न वाजवता अंथरुणाकडे गेलो.